तो काय बोलला, ते सांग

फादर जेरोम यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका होतकरू धर्मगुरूला वर्गाबाहेर काढत होते. त्या विद्यार्थ्याचा गुन्हा एवढाच, की त्याने एका विधवेचं सांत्वन केलं होतं.

फादरांची शिकवण्याची एक रीत होती. विद्यार्थ्यांना ते इस्पितळात, कामगारांच्या वस्तीत, नुकतीच मयत झालेल्या घरी पाठवत. परत आल्यावर प्रत्येकाने वर्गासमोर उभं राहायचं आणि समोरचा माणूस जे बोलला ते त्याच्याच बोलीत, त्याच्याच शब्दांत म्हणून दाखवायचं. आपलं त्यात काही मिसळायचं नाही. आणि वर्गात सांगू का, हे त्या माणसाला आधी विचारून यायचं. हा मुलगा मात्र म्हणाला, "बाई खचल्या होत्या. मी धीर दिला, देवाची इच्छा समजावून सांगितली."

"बाई काय बोलल्या?"

"त्या रडत होत्या, फादर."

"रडताना काय बोलल्या?"

मुलगा वही चाळू लागला.

"म्हणजे तू भाषण करून आलास. परत जा. आणि या वेळी देवाला इथेच ठेवून जा, त्याला तसंही वर्गात बरं वाटतं."

मी पिंपरीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत असे आणि त्यांच्या संस्थेत पाहुणा म्हणून तास घ्यायला गेलो होतो. देवाधर्माशी माझं फारसं पटत नाही, आणि पदव्यांच्या शेपटाशी तर मुळीच नाही. फादरांच्या नावापुढे दोन्ही होतं. पाळकीय ईशज्ञान आणि मानसशास्त्र, दोन्हींतली डॉक्टरेट, तीही परदेशातली. मी जरा तयारीनेच गेलो होतो. चहा घेताना विचारलं, प्रबंध कशावर होता? म्हणाले, "गप्प कसं बसावं यावर. सहाशे पानं लागली." माझी तयारी वाया गेली.

मूळचे ते नगरकडचे. राहायला रहाटणीत, माझ्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर येऊन बसायचे आणि माझ्याशी भांडायचे. पाळकीय ईशज्ञान म्हणजे नेमकं काय, असं शेजारच्या एका काकांनी विचारलं, तेव्हा फादर म्हणाले, "दुखावलेल्या माणसाजवळ कसं बसायचं, ते." काका म्हणाले, "त्याला शिकायचं काय त्यात?" फादर म्हणाले, "हेच तर. कोणालाच वाटत नाही शिकावं असं." सकारात्मक विचार या गोष्टीचा त्यांना मनापासून राग होता. "राव, सांत्वन म्हणजे समोरच्याचं तोंड बंद करायची सभ्य रीत," हे त्यांचं वाक्य मी नंतर माझ्या वर्गात वापरलं आणि श्रेय घेतलं नाही, कारण मुलांना ते माझं म्हणून खरं वाटलं नसतं.

त्यांच्या या रीतीची खरी परीक्षा चाकणला झाली. तिथल्या एका कारखान्याने कामगारांच्या मानसिक आरोग्यासाठी सल्लागार नेमले होते, त्यात फादर आणि मी. कारखान्याच्या प्रवेशद्वारात हसऱ्या चेहऱ्याचा मोठा फलक होता, त्यावर आमची नावं. मग प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या विभागात, दत्ता नावाच्या कामगाराचा हात मशीनखाली गेला. उजव्या हाताची बोटं गेली. दत्ता तिथल्याच गावचा. ज्या जमिनीवर कारखाना उभा आहे तिच्यात त्याच्या आजोबांचं शेत होतं, आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला मिळालेली ही नोकरी.

कारखान्याचं म्हणणं असं पडलं, की दत्ताच्या घरात कटकटी होत्या, मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून हात मशीनखाली गेला. तसा एक मानसशास्त्रीय अहवाल फादरांनी लिहून द्यावा. मग ठपका दत्तावर आणि प्रकरण संपलं. फादर दत्ताच्या घरी जाऊन बसले. किती वेळ बसले, मला माहीत नाही. मग एचआरच्या साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघे गेलो.

साहेब गोड माणूस. "फादर, तुमच्यासारख्या विद्वानाचा शब्द आम्हाला पुरेसा आहे."

"माझा शब्द नाही. त्याचा आहे. त्याला विचारून आणलाय." आणि फादर उभे राहिले, वर्गात मुलांना उभं करायचे तसे, आणि दत्ताच्या आवाजात बोलले: "हात आत असला की मशीन थांबवतो तो सेन्सर बंद करून ठिवला व्हता. माल लवकर निघावा म्हणून. मी सुपरवायझरला म्हणलं, चालू करा. ते म्हणले, आधी टार्गेट काढ. घरात काय बी कटकट न्हाई. आमी मागल्याच आठवड्यात बारसं केलं."

साहेब थोडा वेळ हसतच राहिले. मग म्हणाले, "फादर, हा अहवाल नाही."

"नाहीच. अहवाल तर तुम्ही आधीच मनात लिहून ठेवलाय."

अहवाल त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला. माझ्या क्षेत्रात असं लिहून देणारे लोक मिळतात, आणि त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती असते. दत्ताची नोकरी गेली. 'मानसिकदृष्ट्या अस्थिर' हा शिक्का घेऊन तो पुढे ज्या दारात गेला तिथून परत आला. तोच कारखाना फादरांच्या संस्थेला नवं समुपदेशन केंद्र बांधून देणार होता, हे मला नंतर कळलं. संस्थेने फादरांवर काही कारवाई केली नाही. आपल्याकडे तशी गरज पडत नाही. त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, 'मानद प्राध्यापक' हा किताब, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचे सगळे तास काढून घेतले. माणसाला गप्प करायला शालीइतकं ऊबदार साधन नाही. ती शाल फादरांनी आमच्या वॉचमनला दिली आणि नारळाची चटणी केली.

मग ते तळवड्याला एका खोलीत बसू लागले. शिफ्ट सुटली की कामगार यायचे. फादर काही सांगायचे नाहीत, ऐकायचे. कोणी म्हणालं, "फादर, काही तरी बोला की," तर म्हणायचे, "सांगणारे तुला दिवसभर भेटतात." दत्ता आठवड्यातून एकदा यायचा. मी एकदा फादरांना म्हटलं, याने त्याची नोकरी तर परत येत नाही. फादर चिडले. "नाही येत. म्हणून काय त्याने वेडंही व्हावं? त्यांनी लिहिलंय म्हणून?"

गेल्या हिवाळ्यात फादर गेले. हृदय थांबलं. शोकसभा कारखान्याने बांधून दिलेल्या त्या काचेच्या नव्या केंद्रातच झाली. व्यासपीठावर संस्थेचे प्रमुख, आणि शेजारी तेच एचआरचे साहेब, आता आणखी मोठे. साहेब म्हणाले, "फादर म्हणजे करुणेचा महासागर. त्यांनी आम्हाला ऐकायला शिकवलं." हे वाक्य ऐकून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

दत्ता सगळ्यात मागच्या रांगेत होता. मला बोलायला बोलावणार होते. मी उठून त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, "तुझं बोललो तर चालेल?"

"बोला की सर. माझंच हाय ते."

मी माइकपुढे उभा राहिलो. फादरांबद्दल काही बोललो नाही. सेन्सर, सुपरवायझर, टार्गेट, बारसं, सगळं दत्ताच्या शब्दांत म्हटलं आणि खाली उतरलो. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणाला ठरवता येईना. संस्थेच्या प्रमुखांनी प्रसंग सावरला. म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या."

सगळे उभे राहिले. माना खाली. फादर जिवंत असताना त्यांच्यापुढे इतकी शिस्तशीर शांतता कधी पाळली गेली नव्हती. आणि त्या शांततेत मागून दत्ताचा आवाज आला, मोठा नव्हे, शेजाऱ्याला सांगावं तसा.

"माझा चुलतभाऊ आता त्याच मशीनवर हाय. सेन्सर अजून बंदच हाय, साहेब."

साहेबांनी मान वर केली नाही. दोन मिनिटं पुरी व्हायची होती.