लाइट नसताना घुमलेली गिरणी

समस्त जळकोटकर व पंचक्रोशीतील दळण आणणाऱ्या मायबाप जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, त्या शनिवारी दुपारी लाइट गेलेली असताना आमच्या पिठाच्या गिरणीतून घुमल्याचा आवाज येत होता, ही गोष्ट खरी आहे. फक्त घुमत होती ती गिरणी नव्हे. काय घुमत होतं हे सांगायचा हक्क माझा. एक तर गिरणी माझी, आणि माझ्याइतकं रंगवून दुसरं कुणी सांगणारही नाही.

माझी मुलगी गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिथं टोकामॅक नावाचं यंत्र आहे. ट्रॅक्टरच्या ट्यूबसारखी गोल, पोलादी पोकळी. तिच्यात वायू इतका तापवतात की सूर्याचा पृष्ठभागही थंड वाटावा. त्याला म्हणतात प्लाझ्मा. तो भिंतीला शिवता कामा नये, म्हणून चुंबकांनी अधांतरी धरून ठेवायचा. पण तो सुखानं नांदत नाही. त्याच्यात गाठ धरते, ती गरगर फिरते, फुगते, आणि एका क्षणात सगळा प्लाझ्मा भिंतीवर कोसळतो. यंत्र मुळापासून हादरतं. आधी कळलं, तर आत गार वायू सोडून तडाखा मऊ करता येतो. ‘आधी’ म्हणजे पापणी लवायच्या आत! हा धोका ओळखणारा प्रोग्रॅम ती तीन वर्षं लिहीत होती.

सुट्टीवर आली, पण तिचं जेवणात लक्ष नव्हतं. जुन्या नोंदींवर चालवून बघताना प्रोग्रॅम पाच वेळा हुकला होता.

“सोमवारी गाईडना दाखवायचंय, पप्पा. पाच हुकले तर यंत्रावर बसवणारच नाहीत. तीन वर्षं पाण्यात.”

“का हुकले पण?”

“तेच तर कळंना.”

शनिवारी लाइट गेली आणि ती लॅपटॉप घेऊन गिरणीत आली. गिऱ्हाईक एकच होतं. आमच्या गल्लीतली म्हातारी आक्का ज्वारीचा डबा मांडीशी धरून बसली होती.

“आकडे बघून डोळे गेले,” मुलगी म्हणाली. “आता तुम्ही ऐका.” गाठ फिरते तेव्हा चुंबकी लहरी उठतात. त्यांचा तिनं आवाज केला होता, क्षणभराचा ताणून मिनिटभर.

आधी तांब्यात भुंगा अडकावा तसं बारीक गुणगुणलं. मग ते भरत गेलं. पिठानं पांढरी झालेली जळमटं हलतायत असं मला वाटलं.

“घुमतंय की गं हे,” आक्का म्हणाली. “कुणाच्या अंगात आलंय?”

मी हसणार, तेवढ्यात माझेच कान टवकारले. आवाज आता खाली उतरत होता. जड होत, मंद होत. एकेक फेरा वेगळा ऐकू यायला लागला, जणू गिरणीभोवती कुणीतरी पाय ओढत चालतंय. मग ते थांबलं. इतकं शांत झालं की पत्र्यावरच्या पालीनं पाय उचलला तोही मला ऐकू आला, शपथेवर सांगतो. आणि मग, धाड!

“पाचही असेच,” मुलगी म्हणाली. “आवाज थांबला की प्रोग्रॅम समजतो, गाठ विरली. धोका टळला.”

“खरंच विरलेली एखादी ऐकव.”

तिनं ऐकवली. ती फिरायची तशीच फिरत राहिली, नुसती बारीक होत होत गेली. अशा वेळी मी गप्प बसेन होय? कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

“वरचं धान्य सरलं की दगड फिरतच राहतो, आवाज तेवढा हलका होतो. पण धान्य कोंबलं की दगड आधी मंदावतो, मग गप्प. पट्टा मात्र ओढतच असतो. त्या शांततेला फसून मी एकदा हात घातला होता.” मी डाव्या हाताचं अर्धं बोट वर केलं.

ती बोटाकडं बघतच राहिली. “फिरणं थांबलं,” ती हळूच म्हणाली. “गाठ न्हाय विरली.”

तासभर ती मान खाली घालून टाइप करत होती. मंदावत जाऊन आवाज थांबला, की घंटी वाजवायची. नव्या प्रोग्रॅमनं चार नोंदी पकडल्या. पाचवी तिनं मोठ्यानं लावली.

गुणगुण. भार. पाय ओढत फेरे. मग काहीच नाही.

टिंग.

घंटी वाजली होती आणि धाड अजून व्हायची होती. ती एवढीशी रिकामी जागा तिनं तीन वर्षं शोधली होती, आणि आम्ही बापलेक तिच्यात खांबासारखे उभे. आक्का मात्र डबा छातीशी धरून एव्हाना दारात पोचली होती. मागं वळून ती माझ्यावर ओरडली,

“आरं पळ की! घंटी सांगाय लागलीय, उभा काय ऱ्हायलास!”