हुकलेला ठोका

माजी राष्ट्राध्यक्ष वारले, तेव्हा कोलंबोच्या अंत्ययात्रेत वाजवायला आमच्या गावात बोलावणं आलं. ते सोमपालला नव्हतं, त्याच्या शिष्याला, तिलकसिरीला होतं. तेही पथकाचा म्होरक्या म्हणून.

सोमपाल एकसष्ट वर्षांचा. कमरेला तम्मट्टम, म्हणजे लहान नगाऱ्यांची जोडी, बांधून चाळीस वर्षं त्याने पंचक्रोशीतली मयतं पोचवली होती. तिलकसिरीच्या हातात काठ्या त्यानेच दिल्या. बातमी कळली त्या दिवशी तो जेवला नाही.

"अहो, तुम्हीच शिकवलंत ना त्याला?" बायको सीलावती म्हणाली.

"वाजवायला मी शिकवलं. साहेबांच्या मागेपुढे करायला तो आपला आपण शिकला."

तरी अंत्ययात्रेला तो गेलाच, मलाही सोबत नेलं. दर्शनाला चाललोय म्हणत होता. मी त्याचा शेजारी, मला ठाऊक होतं. तिलकसिरी कुठे चुकतो ते त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

रस्त्याकडेला पांढऱ्या कपड्यांची ही गर्दी. यात्रा हलायच्या आधीच एक वादक उन्हाने चक्कर येऊन पडला. तिलकसिरी इकडेतिकडे बघू लागला आणि त्याला सोमपाल दिसला.

"गुरुजी, येता का? मागच्या रांगेत माणूस कमी पडतोय."

"मागच्या रांगेत," सोमपाल पुटपुटला. पण दोरीखालून वाकून गेला आणि पडलेल्याचं तम्मट्टम कमरेला बांधलं.

अर्ध्या वाटेवर तोफांची सलामी सुरू झाली. पहिल्याच आवाजाला तिलकसिरी दचकला आणि त्याचा ठोका हुकला. पुढची रांग अडखळणार, तोच मागून सोमपालचा ठोका पडला. ताल सावरला.

परतताना बसमध्ये तो मला म्हणाला, "याचसाठी आलो होतो मी. आणि माझ्याच हातांनी झाकलं."

"कुणाला कळलंसुद्धा नाही."

"तेच तर."

गावाने टीव्हीवर तिलकसिरीला पाहिलं. सोमपाल कुणालाच दिसला नव्हता. चूक सांगावी, तर म्हातारा जळतोय म्हणतील.

नववर्षाला तिलकसिरी रीतीप्रमाणे गुरूच्या मानाची विड्याच्या पानांची जुडी घेऊन आला, गुडघे टेकून म्हणाला, "गुरुजी, तो ठोका..."

"कुठला ठोका?"

पानं घेतली, पण 'बस' म्हणाला नाही. सणाचा दूधभात सीलावतीनेच वाढला.

त्यानंतर मयताचं बोलावणं आलं की सोमपाल आधी विचारायचा, तिलकसिरी येणार आहे का. येणार असला, तर हा घरीच राहायचा.