दुसऱ्या दिवशी उघडलेली बरणी

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे बरणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठ वळली की. हवा लागली की मरणारे काही जंतू असतात. एरवी ते आपल्याच अंगावर निमूट राहतात, पण कधीमधी एखाद्याच्या हाडात शिरून उच्छाद मांडतात. त्यांना वाढवायचं तर बिनहवेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून. पाच दिवस त्या झाकणाला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. घाईला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही तिने एकदा सुनावलं होतं, "एवढीच घाई असेल तर ज्योतिषाकडे जा."

तेवीस वर्षांत कायदा मोडला नाही. मग दादाचा नमुना आला. आई गेल्यावर यानेच तिला लहानाची मोठी केली. त्याच्या खुब्यात वर्षापूर्वी धातूचा सांधा बसवला होता, आता तिथे पू झाला होता. जंतू सापडला तर नेमकं औषध मिळणार, सांधा वाचणार. नाहीतर सगळा अंधारात दगड मारण्याचा प्रकार.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेले आणि तिने झाकण उघडलं. स्वतःच्या माणसाची वेळ आली की भलेभले शहाणे वेडे होतात, ही तर साधी बाई. आतली, जंतू वाढवायला ठेवलेली काचेची बशी उजेडात धरली. कोरी. तिने बरणी पुन्हा बंद केली.

पाचव्या दिवशीही कोरीच. जंतू नव्हताच, की तिनेच मारला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. रडू येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

"मी बरणी मध्येच उघडली होती," ती डॉक्टरांना म्हणाली.

"म्हणजे नमुन्यासाठी खुबा पुन्हा उघडावा लागणार." ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तुमच्या दादांना मी सांगू?"

"नको. मीच सांगते."

दादाने पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलं.

"दुसऱ्या कुणी उघडली असती तर?"

"त्याला हाकलून दिलं असतं मी."

तो जरासा हसला. मग म्हणाला, "तुझ्या हातात आहे म्हणून मी पाच दिवस निर्धास्त झोपलो गं."

तिला काहीच वाटेना. दादाने दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला सरकवला, तिला बसायला जागा केली. ती उभीच राहिली.