दोन बोटं काच

कापडणीस साहेब गाडी लावली की तिला प्रदक्षिणा घालायचे. एक नाही, तीन. प्रत्येक फेरीत चारही दारांची हँडलं ओढून बघायची, डिकी दाबून बघायची, मग दहा पावलं चालून परत यायचं, कारण मागचं डावं दार ओढल्याचं आठवत नाही. शरणपूर रोडवरच्या आमच्या ऑफिसखालचा चहावाला या सोहळ्याला आरती म्हणायचा आणि ती आटोपल्याशिवाय त्यांचा चहा ओतायचा नाही. गाडी म्हणाल तर इतकी पोचलेली, की कोणी चोरून नेली असती तर दुसऱ्या दिवशी गुपचूप परत आणून लावली असती.

साहेब विमा सर्व्हेअर होते. म्हणजे नुकसान तुमचं, पैसे कंपनीचे, आणि मधे उभे कापडणीस. मी कंपनीत क्लेमच्या टेबलावर. त्यांचे रिपोर्ट माझ्याकडे यायचे, त्यामुळे चौदा वर्षं त्यांचं अक्षर आणि त्यांच्यावरची लोकांची बोलणी अशी दोन्ही मीच वाचली आणि ऐकली.

गाडीतून चोरीला गेलेलं सामान हा त्यांचा खास प्रांत. गाडीचा विमा म्हणजे फक्त गाडीचा, सीटवर ठेवलेल्या बॅगेचा नाही, हे आपल्याकडे लोकांना बॅग गेल्यावरच कळतं. थोडा जास्त हप्ता भरला तर आतलं सामानही विम्यात येतं, पण अटी घालून. रोकड चालत नाही, दागिने चालत नाहीत, धंद्याचं सामान चालत नाही. गाडी पूर्ण बंद हवी, काचा वर, कुलूप लागलेलं. या अटी पॉलिसीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतात, आणि साहेबांना ते पान लोकांना रामरक्षा येते तसं पाठ होतं.

समोरच्याचे डोळे भरून आले की ते त्याच्यापुढे ग्लास सरकवायचे. "पाणी प्या. रडायचं असेल तर रडून घ्या. मग आपण शेवटचं पान वाचू." तो बिचारा गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणायचे, "डोळ्यांतलं पाणी हा कागद नाही, सुनीताबाई. फाइलला लावता येत नाही."

एकदा एका गृहस्थांचा कॅमेरा गेला होता. साहेबांनी विचारलं, "कॅमेऱ्याचा फोटो आहे का?"

"अहो साहेब, कॅमेऱ्याचा फोटो कशाने काढणार?"

"शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याने," साहेब अगदी शांतपणे म्हणाले, आणि रिपोर्टात लिहिलं, 'वस्तू अस्तित्वात असल्याचा पुरावा नाही.' तो माणूस पायऱ्या उतरताना स्वतःशीच बोलत होता.

पण ते नुसतेच नाही म्हणत नसत, हेही सांगायला हवं. लासलगावच्या एका जोडप्याच्या सहा पैठण्या लग्नाला निघताना गाडीची काच फोडून नेल्या. साहेबांनी नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोलीत बसवून साड्यांचे रंग विचारले. बायकोने काठापदरासकट सगळे सांगितले, नवऱ्याला एकही सांगता आला नाही. साहेबांनी क्लेम मंजूर केला. मी चकित झाले, तर म्हणाले, "त्याला रंग आले असते, तर मी नापास केलं असतं. पढवून आणलेला नवरा लगेच ओळखू येतो."

एवढी अक्कल असलेला माणूस. म्हणून तर रूपालीच्या वेळी मला राग आला.

रूपाली पंचवटीतली. लग्नातल्या नवरीमुलींचा मेकअप करायची. गंगापूर रोडच्या एका लॉन्सबाहेर तिची गाडी उभी होती, काच फोडून मेकअपची पेटी गेली. सगळं नवीन घेतलेलं, महिनाभराच्या तारखा लागलेल्या. काच वर होती, कुलूप होतं, पोलिसांत तक्रार होती, बिलंसुद्धा होती. ती बिचारी फाइल नीट लावून हसत आली होती.

साहेबांनी यादी वाचली. बोटाने मोजली. मग चष्मा काढून म्हणाले, "ताई, एक लिपस्टिक पर्सनल. एकोणतीस म्हणजे दुकान."

"साहेब, पण माझीच आहेत ना ती? मी दुसऱ्याची चोरून आणलीत का?"

"तुमचीच आहेत. पण धंद्याची आहेत."

ती गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "वैयक्तिक सामान असं लिहिलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं? तिच्या पोटावर पाय आलाय."

"सुनीताबाई, जे दिसलं ते लिहिलं. न दिसलेलं लिहायला मला लायसन्स दिलेलं नाही."

रूपालीने त्या महिन्याच्या सगळ्या तारखा सोडल्या आणि दुसरीच्या पार्लरमध्ये भुवया कोरायला लागली. मी साहेबांशी पंधरा दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, यातच सगळं आलं. त्यांना आपल्या प्रामाणिकपणाचा फार अभिमान होता. मला तेव्हा वाटायचं, असेना का, पण त्याचे हप्ते कायम दुसऱ्यांनीच का भरायचे?

मग एका मार्चमध्ये, टळटळीत उन्हाच्या दिवसांत, कापडणीस साहेब माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर येऊन बसले. क्लेम मागणारे बसतात त्या खुर्चीवर. चौदा वर्षांत तिच्यावर ते कधी बसले नव्हते.

झालं होतं असं. साहेब आणि सिंधूताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, सप्तशृंगीला गडावर निघाले होते. वाटेत दिंडोरीच्या पुढे एका ओळखीच्या मळ्यावरून मुलीसाठी द्राक्षांच्या दोन पेट्या घेतल्या. सिंधूताईंना ऐकायला कमी यायचं. वर्षानुवर्षं "तिला काय ऐकायचंय एवढं" म्हणून टाळल्यावर साहेबांनी नुकतीच त्यांना दोन्ही कानांची चांगली मशिनं घेऊन दिली होती. नातवाचा आवाज फोनवर पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला, तेव्हा बाई फोन धरून रडल्या होत्या, हे साहेबांनीच मला सांगितलं होतं, आणि तेही जरा नाराजीने. गडावरच्या गर्दीत मशिनं कानात शिट्ट्या मारतात, म्हणून त्यांनी ती काढून डबीत घातली, डबी बॅगेत, बॅग गाडीत. दर्शन करून आले तर बॅग नव्हती. द्राक्षांच्या पेट्या जागच्या जागी होत्या. चोराने एक घड तेवढा खाल्ला होता.

ऑफिसात दिवाळी झाली. खोटं कशाला सांगू, मीही त्यात होते. टायपिस्टपासून मॅनेजरपर्यंत प्रत्येक जण काहीतरी काम काढून माझ्या टेबलापाशी येत होता. साहेबांनी तो जास्तीचा हप्ता भरलेला होताच. मशिनं अंगावर वापरायची वस्तू, म्हणजे अटीत बसणारी. बिल होतं, तक्रार होती. पंचनाम्यात पोलिसांनी काचेबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता. आता सगळं साहेबांच्या जबाबावर होतं. स्वतःच्या क्लेमचा सर्व्हे स्वतः करता येत नाही, म्हणून कंपनीने जाधवांना नेमलं. जाधव साहेबांच्याच हाताखाली तयार झालेले, आता स्वतःचं पोट सुटलेलं, पण साहेबांसमोर अजून उभ्याने बोलायचे.

"बसा जाधव," साहेब म्हणाले. "विचारा."

"सर, तुम्हाला काय विचारायचं? मी लिहून आणलंय, नुसती सही..."

साहेबांनी कागद वाचला. गाडी बंद, काचा वर, कुलूप लावलेलं. त्यांनी तो परत सरकवला. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सर, तुम्ही तीन फेऱ्या मारता गाडीला. अख्ख्या नाशिकला माहीत आहे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी त्यांच्याच सवयीने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. मग ते हळूच म्हणाले, "मनी चूक शे." माझी चूक आहे, असं सटाण्याकडच्या त्यांच्या घरच्या बोलीत. चौदा वर्षांत ती ऑफिसात त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. लगेच सावरून त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं, "काच मी खाली ठेवली होती. दोन बोटं. द्राक्षं उन्हाने नासू नयेत म्हणून. मी हँडलं ओढली, काचेकडे बघितलं नाही. चोराने फटीतून तार घातली असणार."

जाधव कळवळून म्हणाले, "सर, दोन बोटं म्हणजे बंदच की."

"दोन बोटं म्हणजे उघडी. मीच शिकवलंय ना तुम्हाला? लिहा."

जाधवांनी लिहिलं. क्लेम नामंजूर झाला. त्या पत्रावर सही माझीच होती. आमची दिवाळी कुठल्या कुठे गेली. मॅनेजर म्हणाले, "याला म्हणतात माणूस." मला मात्र तोच जुना राग आला. सच्चे हे ठरले आणि बहिरी राहिली सिंधूताई. हप्ता पुन्हा दुसऱ्यानेच भरला.

त्यानंतर साहेब इगतपुरीपासून मालेगावपर्यंत मिळेल तो सर्व्हे घ्यायला लागले. भर पावसात घाटात उलटलेले ट्रकसुद्धा. वर्षभराने त्यांनी सिंधूताईंना पुन्हा मशिनं घेतली. आणि पुढच्याच थंडीत गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतंय?" तर म्हणाले, "कधीपासून दुखतंय ते आधी लिहून घ्या. नंतर वाद होतात." हे त्यांचं शेवटचं वाक्य. मी ऐकलं तेव्हा हसले आणि मग मला रडू आवरेना.

दिवस झाल्यावर काही कागदांवर सह्या घ्यायला मी त्यांच्या इंदिरानगरच्या घरी गेले. सिंधूताईंच्या कानात मशिनं होती, पण इतक्या वर्षांच्या सवयीने त्या मोठ्यांदाच बोलत होत्या. बोलता बोलता मी म्हटलं, "साहेब फार सरळ होते हो. काच उघडी होती हे सांगायची काही गरज नव्हती. स्वतःची चूक स्वतःच लिहून दिली."

"त्यांची कसली चूक?" सिंधूताई म्हणाल्या. "काच मी खाली केली."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"उतरायच्या आधी मीच बटण दाबलं, द्राक्षं नासतील म्हणून. त्यांना न सांगता. बॅग गेल्यावर सांगितलं, तर गडावरून घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तरी मला कुठे ऐकू येणार होतं म्हणा. घरी आल्यावर पाटीवर लिहून दाखवलं, 'रिपोर्टात तुझं नाव येणार नाही.'"

म्हणजे या माणसाला खोटं लिहिता येत होतं! एकोणतीस लिपस्टिकांसाठी ज्याचा हात वळला नाही, त्याने सही करून, शुद्ध मराठीत, खोटा जबाब दिला होता. आणि खोटंच बोलायचं होतं तर काच वर होती म्हणायचं, क्लेम पास झाला असता. ते नाही. ज्या खोट्याने एक छदामही हाती लागणार नव्हता, नेमकं तेवढंच खोटं त्यांनी निवडलं. मला हसावं की त्यांच्या फोटोकडे बघून चार शब्द सुनवावेत, कळेना.

"किती जपलं हो तुम्हाला," मी शेवटी म्हटलं.

सिंधूताईंनी कागद माझ्या हातात दिले आणि शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जपलं तर. आयुष्यात एकदा माझी बाजू घेतली त्यांनी, आणि तीही अशी, की पुढे वर्षभर मला काही ऐकूच आलं नाही."