हळद लावलेल्या दगडाचं वय

भूगर्भशास्त्रज्ञ मैत्रीण मीना म्हणाली, "निमगाव केतकीला एका नव्या विहिरीच्या तळाचा दगड आणायला जातेय, येतेस?" मी शनिवारची सगळी कामं रविवारवर ढकलली.

पुण्याहून बारामतीपर्यंत एसटी. बायकांना अर्धं तिकीट. स्टँडवर चहा-भजी, मग इंदापूरची गाडी. काटेवाडी मागे पडली तरी दोन्हीकडे ऊसच. वाटेत मीनानं दगडाचं घड्याळ समजावलं. लाव्हा थिजताना त्यात किंचित किरणोत्सारी पोटॅशियम अडकतं. सव्वाशे कोटी वर्षांत ते निम्मं उरतं, पुढच्या तेवढ्याच काळात त्याचंही निम्मं. घटलेल्यातल्या थोड्याचा आर्गॉन वायू होतो आणि दगडातच कोंडून राहतो. दोन्ही मोजले की वय कळतं. मात्र दगडाला आतून हवापाणी लागलेलं नको.

आम्ही पोचलो तेव्हा शेतमालक तात्यांच्या विहिरीला पाणी चढलं होतं. निघालेला दगड रस्त्याच्या भरावाला गेला होता. तळाचा एकच उरला होता, काठावर, हळदकुंकू लावलेला.

"त्यो फोडायचा व्हय?" तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, पदर खोचला. "देव हाय त्यो."

"सुरुंग लावला तवा न्हवता वाटतं?" तात्या हसले.

"तवा पाणी न्हवतं लागलं!"

मीनाचं तोंड उतरलं. तिच्या कामातला एवढाच नमुना राहिला होता. पण तिनं हट्ट धरला नाही. आम्ही भाकरी आणि वांग्याचं भरीत खायला बसलो. वाढता वाढता काकूंनीच विचारलं, "फोडल्यावर वय खरंच कळतं?"

"कळतं, काकू."

त्यांनी भरिताची पळी खाली ठेवली. "नारळ न्हाय का फोडत आपण? एक वाटी देवाम्होरं, एक परसादाची. तसा घ्या."

त्यांनी हात जोडले, तात्यांनी घण घातला. आतली बाजू काळीशार निघाली. लाव्हा थिजल्यापासून तिच्यावर ऊन पडलं नव्हतं. मी बोट टेकवलं.

अर्धा दगड काकूंकडे राहिला, अर्धा प्रयोगशाळेत गेला. हळद लागलेली एक कपची मीनाला नको होती. ती माझ्या खिडकीत आहे. सकाळी भांडी घासताना तिच्याकडे बघते आणि माझ्या चाळिशीची काळजी जराशी लाजते.

काही महिन्यांनी वय आलं. काकूंना मीच फोन केला. "साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास."

पलीकडे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता.

"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "मग लईच उशिरा हळद लावली की गं आमी त्येला!"