नमुना उत्तरात मामा कुठंय?

आमच्या एमबीएच्या कॉलेजात मी जबाबदार आणि शाश्वत व्यवसाय हा विषय शिकवतो. तास शनिवारी, जेवणानंतर. एसी चालू, खिडक्या सताड उघड्या आणि मी विजेची बचत शिकवतोय. डायरेक्टर या विषयाला ‘तो झाडांचा पेपर’ म्हणतात.

यंदा मी एक साधा प्रश्न टाकला. कारखान्याचं रसायन मिसळलेलं पाणी गावच्या नाल्यात जातंय असं कळलं, तर मॅनेजर म्हणून तुम्ही काय कराल? सगळ्या वर्गानं गाइडातलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. स्टेकहोल्डरांशी संवाद, पारदर्शकता, भावी पिढ्या. तपासता तपासता डुलकी लागायची वेळ आली. मग फुलंब्रीहून रोज मोटरसायकलवर येणाऱ्या एका पोराचा पेपर हातात आला. त्यानं लिहिलं होतं, आधी गावात कुणाला कळलंय का ते बघीन. नसंल कळलं तर गुपचूप पाइप बदलीन. कळलं असंल तर मामाला फोन लावीन, मामाची आमदाराकडं ऊठबस आहे. तपासणीला साहेब आलेच तर त्यांना उस्मानपुऱ्यात चांगल्या हॉटेलात जेवायला नेईन.

त्याला बोलावून झापलं. तर तो शांतपणे म्हणाला, तुम्ही काय कराल असं विचारलं होतं सर, म्हणून जे करीन तेच लिहिलं. कपाळ माझं! मी त्याला पास करायचं ठरवलं. विभागप्रमुखांनी पेपर दोनदा वाचला आणि विचारलं, “नमुना उत्तरात मामा कुठंय?”

पोरगं नापास झालं. पंचाईत अशी की बिडकीनकडच्या एका नव्या कारखान्यात त्याची नोकरी पक्की झाली होती, ती या एका विषयावर अडली. घरच्यांनी गावभर पेढे वाटलेले. इकडं डायरेक्टरलाही घाम फुटला, कारण नोकरी लागलेल्यांच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो होता आणि फ्लेक्स चौकात लागलासुद्धा होता. झटपट फेरपरीक्षा ठरली, तीही तोंडी. बाहेरचे परीक्षक आले, त्यांच्यापुढं काजू मांडले.

आत जायच्या आधी पोरानं मला व्हरांड्यात गाठलं. तोंड पार उतरलेलं.

“सर, खरं सांगू का पास होऊ?”

 मला राग आला, पण कुणाचा ते कळेना. “पास हो बाबा,” म्हणालो.

आत पुन्हा तोच प्रश्न. पोरगं असं काही बोललं की बस. नदी, माती, येणाऱ्या पिढ्यांची अमानत, सगळं आलं. गळा तर कुठं दाटवायचा तिथं बरोबर दाटला. परीक्षकांनी काजूची बशी बाजूला सारली आणि देशाला असेच मॅनेजर पाहिजेत म्हणाले. वर्गात कुणाला मिळाले नव्हते एवढे मार्क त्याला दिले.

बाहेर येऊन तो माझ्या पाया पडला. “लई उपकार झाले सर. कंपनीत असं काही झालं तर काय बोलायचं, ते आता पाठ झालं.”

यशस्वी हो, म्हणालो. होणारच तो. भीती त्याचीच वाटते.