एका घरात दोन तारा

माझी बायको वारली तेव्हाही तिला हे ठाऊक नव्हतं. दोन्ही मुलींना नाही, चाळीत भिंतीला भिंत लावून राहिलेल्या दत्तूलाही नाही. तुम्हांला सांगतोय, कारण तुम्हांला माझं तोंड दिसत नाही. मलाही तुमचं दिसत नाही.

मी तिसरी शिकलेला. अक्षर मोठं येतं, ओळ खाली उतरत जाते. मुलीला सांगून लिहून घेता आलं असतं — पण मग तिला कळलं नसतं का?

आधी संपाचं सांगतो. ते सांगायला मला आवडतं, म्हणून आधी. लालबागच्या गिरणीत मी साचाखात्यात होतो, चार साचे, म्हणजे माग, सांभाळायचो. संप झाला आणि मी बाहेर पडलो तो परत आत पाय टाकला नाही. गावाहून तांदूळ यायचे, कुळीथ यायचे, त्यावर घर चाललं. जे गुपचूप आत जायचे त्यांना मी मोठ्या गेटवर उभा राहून बापाच्या नावासकट हाक मारायचो. काय काय बोलायचो ते इथे लिहीत नाही. गणपतने मान खाली घातली नाही, असं चाळीत अजून म्हणतात. ते खरंच आहे. म्हणून तर पुढचं जड जातं.

गिरणी गेली ती गेलीच. मग रस्ते खणणाऱ्या टोळीत लागलो. टेलिफोनच्या केबली टाकायच्या, माती लोटायची. पण माझी बोटं विणकराची होती ना! तुटलेली तार डोळे मिटून बांधणारी. एका जॉइंटरने ती बघितली आणि मला खड्ड्यातून वर काढून जोड द्यायला बसवलं. तांब्याचे जोड शिकलो, मग काचेच्या केबली आल्या, केसाहून बारीक — तेही शिकलो. एका खाजगी कंपनीने ठेवून घेतलं. आणि गंमत बघा, त्या कंपनीने ऑफिस थाटलं ते आमच्याच गिरणीच्या आवारात. माझे साचे जिथे खडखडायचे, तिथे नवी इमारत. चौथ्या माळ्यावर कंट्रोल रूम, भिंतभर पडदे. बाकीचे तिला नॉक म्हणत. मला तो शब्द कधी आवडला नाही. मी कंट्रोलच म्हणायचो.

रूम कसली, तीन खुराडी होती. एकात लाइनवाले, दुसऱ्यात टॉवरवाले, तिसऱ्यात इंटरनेटवाले. मधे लाकडी पार्टिशन. एखाद्याचं सगळं बंद पडलं की तो बिचारा फोन करायचा, आणि हे तिघे त्याला इकडून तिकडे नाचवायचे. आमच्याकडून चालू आहे, त्यांना विचारा. प्रत्येकाच्या पडद्यावर हिरवं, आणि माणसाच्या घरी अंधार. मला गिरणी आठवायची. कापडात खोट निघाली की साचाखातं म्हणणार कांडीखात्याचं काम, कांडीखातं म्हणणार सूतच वाईट. आणि कापड तसंच खोट घेऊन पडून.

मग बाई आल्या. सुजाताबाई. घोडपदेवच्या, गिरणीवाल्याचीच मुलगी. बाप आमच्याच साचाखात्यात, दुसऱ्या पाळीला होता, माझी ओळख नव्हती. ही शिकून इंजिनेर झालेली. आल्या त्या आठवड्यात सुतार बोलावला आणि पार्टिशनं काढायला लावली. टॉवरवाला पिंटो ओरडला, "मॅडम, मेरा एसी उधर जाएगा!" बाई म्हणाल्या, "जाऊ दे ना, तू पण जा त्याच्याबरोबर. तिकडेच बसायचंय तुला."

तिघांना एका टेबलाशी बसवलं. एक तक्रार, एक नंबर. ज्याने फोन उचलला त्याने ती मिटेपर्यंत सोडायची नाही, मग बिघाड कुठल्याही खात्याचा असो. मी लांबून बघत राहायचो. आधी भांडले, मग एकमेकांच्या पडद्यात डोकवायला लागले, मग एकमेकांच्या डब्यात. दोन दोन दिवस लोंबकळणारं काम तासाभरात व्हायला लागलं. इतकी वर्षं गिरणीत काढली, इतके साहेब बघितले — एकालाही का नाही सुचलं हे? बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली होती. माझं वाचन सावकाश, म्हणून कोणाला कळणार नाही अशी, सहज म्हटल्यासारखी वाचून दाखवली मला. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, चुकलं असेल तर लगेच सांगा, इथे कोणी ओरडणार नाही." आणि खरंच, कोणावर ओरडल्या नाहीत त्या.

मला काका म्हणायच्या. बाहेरची कुठली केबल कुठून जाते ते सगळं माझ्या डोक्यात. माझ्याशेजारी बसून त्यांनी त्याचा नकाशा काढला. मी बोलायचो, त्या रेघ मारायच्या.

आता येतो. येतोच आहे.

बाईंचं म्हणणं, सगळं एका खोलीत आणलं तर खोलीतून बाहेर जायला वाटा दोन हव्यात. एक तुटली तर दुसरी चालू राहील. एक केबल मोठ्या गेटमधून नाक्यापर्यंत, दुसरी मागच्या गल्लीतून, जिथे पूर्वी बायकांचा दरवाजा होता. काम माझ्याकडे. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, शनिवारपर्यंत होईल? बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गणपतकाका आहेत. होणार."

मागच्या गल्लीतला पाइप चोंदलेला निघाला. आमच्याच गिरणीचं डबर त्यात — विटा, सिमेंट. खणायचं तर परवानगी, आठ-दहा दिवस. बाईंना जाऊन एवढंच सांगायचं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? बरं म्हणाल्या असत्या. पण सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं होतं ना. गणपतला जमलं नाही, हे पिंटोने ऐकायचं?

साच्यावर फणी असते, तिच्या दातांमधल्या फटीला आम्ही घर म्हणायचो. आमच्या कापडाला एका घरातून सुताची एकच तार जायची. एखादं घर वाकडं झालं, बुजलं, की नीट करायला साचा थांबवावा लागायचा. मग आम्ही काय करायचो? शेजारच्या घरातून दोन तारा ओढायच्या आणि साचा चालू. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, लांबून बघतो, त्याला साचा चालताना दिसतो. कापडावर बारीक रेघ येते, ती नंतर, दुसऱ्या खात्यात दिसते. गिरणीत हे सगळे करायचे.

मी तेच केलं. दोन्ही केबली मोठ्या गेटच्या पाइपातून ओढल्या. बरोबरची दोन माणसं ठेक्याची होती, ती पुढे दुसऱ्या साइटवर गेली. शनिवारी बाई स्वतः बघायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "तुम्ही कशाला त्या घाणीत? मी आहे ना." त्या थांबल्या. नकाशावर दोन रेघा मारल्या, एक लाल, एक निळी, लांब लांब.

पाच-सहा महिने गेले. एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला सगळे पडदे लाल झाले. फोन, टॉवर, इंटरनेट — सगळं एकदम. आवारात बिल्डरचं खोदकाम चालू होतं. मला त्याच क्षणी कळलं. खिडकीतून गेट दिसत नव्हतं, तरी मला ते दिसलं.

बाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, दोन वाटा एकाच मिनिटाला तुटणार नाहीत, म्हणजे बिघाड आपल्या आतल्या यंत्रांत आहे. अगदी बरोबर होतं ते. नकाशावरच्या त्या दोन रेघा खऱ्या असत्या तर. मग माझ्याकडे वळल्या.

"काका, वाटा दोन आहेत ना? नक्की?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पलीकडे तो फळा. एक वाक्य बोलायचं होतं. गिरणीच्या गेटवर शेकडो लोकांसमोर माझा आवाज फुटला नाही असं कधी झालं नाही — तेव्हा मागे शेकडो होते म्हणून का? इथे मी एकटा.

"दोनच," मी म्हटलं. "माझ्या हाताने टाकल्यात."

तीन तास. तीन तास ती पोरं एकेक यंत्र बंद करत होती, उघडत होती, चालू करत होती. एका इस्पितळातून सारखे फोन येत होते, कोणाच्या तरी दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवर. एकानेही दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवलं नाही. पिंटो जमिनीवर पालथा पडून वायरी बघत होता. किती सुरेख काम करत होते सगळे! आणि मी भिंतीला टेकून बघत होतो.

शेवटी म्हटलं, जरा बाहेर चक्कर मारून येतो. खालून जोडायचं सामान घेतलं आणि सरळ गेटवर गेलो. खड्ड्यात दोन्ही केबली तुटून लोंबत होत्या, शेजारी शेजारी. कोणी यायच्या आत एक मातीत दाबली. दुसरी जोडली, मग पहिली काढून तीही जोडली. वर येऊन सांगितलं, बिल्डरच्या लोकांनी दोन्हीकडे खणलंय, गेटवरही आणि मागच्या गल्लीतही. पडदे एकेक करून हिरवे झाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पिंटोने मिठी मारली.

आठवड्याने मला शाल आणि नारळ. साहेबांच्या हस्ते. बाई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होत्या.

त्याच दिवशी, त्याच मीटिंगमध्ये साहेब बाईंना म्हणाले, सगळे एका डोक्याने चालले आणि ते डोकं तीन तास आतच शोधत बसलं. पूर्वी लाइनवाल्याने आपली लाइन बघितली असती, अर्ध्या तासात सापडलं असतं. बाईंनी नुसतं म्हणायचं होतं, मी काकांना विचारलं होतं. खोली साक्षीला होती. त्या म्हणाल्या, "बाहेर माणूस पाठवायला हवा होता. निर्णय माझा होता, माझा चुकला." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी शाल अंगावर घेऊन बसलो होतो.

पार्टिशनं परत लागली. सुतार तोच.

महिन्याभरात बाईंनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी गेटपाशी मला भेटल्या. हातात पिशवी, तिच्यात त्यांचा कप.

"काका, मी मागच्या गल्लीत जाऊन आले होते," त्या म्हणाल्या. "खणलेलं कुठे दिसलं नाही."

"बुजवलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "बरं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तब्येतीला जपा." आणि नाक्याकडे चालत गेल्या.

आता सगळीकडे बाईंसारखंच करतात म्हणे. जावई अशाच ठिकाणी आहे, सगळी खाती एका खोलीत, एक तक्रार एक नंबर. तो मला समजावून सांगतो आणि मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवतो. बाईंनी ते फार आधी करून दाखवलं होतं, आमच्या गिरणीच्या जागेवर, गिरणीवाल्याच्या मुलीने. मी बघितलंय. तेवढं चांगलं काम मी पुन्हा कुठे बघितलं नाही.

मागच्या गल्लीत कोणी खणलं नव्हतं. तो पाइप डबराने भरलेला होता, माझ्या माहितीप्रमाणे अजूनही आहे. दोन्ही केबली एका पाइपात होत्या. त्यांनी मला विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं.